पालिका घरातल्या कुत्र्यांच्या संख्येवर मर्यादा आणतेय? विरोध कसा करायचा, पहिल्या दिवसापासून सगळं

आमच्याकडे तेव्हा तीन कुत्री होती. एक म्हातारा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक मधल्या वयाची कुत्री. आणि तिसरं पिल्लू फॉस्टर म्हणून आलेलं, कायमचं घर मिळेपर्यंत राहणार होतं. आणि पालिकेने मसुदा आणला की एका घरात दोनच कुत्री. मला कळलं तेव्हा सुनावणीला नऊ दिवस राहिले होते आणि त्यातले पहिले चार मी फोनवर लोकांशी चिडून बोलण्यात घालवले, कोणालाच नक्की काय करायचं माहीत नव्हतं, मलाही नाही. ते चार दिवस तुमचे वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

बाकी सगळं विसरलात तरी एक लक्षात ठेवा. वाद "किती कुत्री" यावर होऊ द्यायचा नाही, "नेमका त्रास काय" यावर आणायचा. दिवसभर भुंकणारं एकटं कुत्रं अख्ख्या गल्लीची झोप घालवतं आणि नीट सांभाळलेली चार कुत्री शेजारच्याला माहीतही नसतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच मुद्द्यावर उभ्या आहेत.

१. मसुदा मिळवा आणि शब्द न शब्द वाचा

बातमी वाचून किंवा कोणीतरी ग्रुपवर टाकलेला मेसेज वाचून कामाला लागू नका. मूळ मसुदा मागा, प्रिंट काढा, पेन घेऊन बसा. बहुतेक वेळा दोन-तीन पानंच असतात पण सगळी मेख व्याख्यांमध्ये असते. मी हे शोधायला सांगेन:

- कोणत्या वयापासून कुत्रं मोजलं जातं? काही ठिकाणी ३ महिन्यांपुढचं, काही ठिकाणी ६ महिन्यांपुढचं. वयाची अटच नसेल तर ज्या दिवशी कुत्री व्याली त्याच दिवशी ते घर बेकायदा होतं, कारण पिल्लं निदान आठ आठवडे आईपासून तोडू नयेत हे कोणताही व्हेट सांगेल.
- "पाळणे" म्हणजे काय? फॉस्टर, चार दिवसांसाठी आलेलं पाहुण्यांचं कुत्रं, दारात खायला घातलेलं रस्त्यावरचं कुत्रं, हे त्यात येतात का?
- मांजरं धरून मोजतात की फक्त कुत्री?
- आधीपासून असलेल्या कुत्र्यांचं काय? हे एक वाक्य मसुद्यात नसेल तर लाल पेनाने गोल करा.
- जादा कुत्र्यासाठी परवाना आहे का, तो कोण देणार, कोणत्या निकषावर देणार?
- दंड एकदाच की दर दिवशी?

अजून एक. नियम प्राण्यांच्या प्रकरणात टाकलाय की जमीन-वापराच्या म्हणजे झोनिंगच्या नियमात, ते बघा. झोनिंगमध्ये असेल तर सुनावणी वेगळ्या समितीपुढे असू शकते, आधीपासून चालू असलेल्या वापराला सूट मिळण्याची शक्यताही वेगळी असते. आम्ही हे बघितलं नव्हतं आणि पहिलं पत्र चुकीच्या समितीला पाठवलं.

आणि हा नियम सरकारी नसून राहता त्या सोसायटीचा किंवा घरमालकाच्या कराराचा असेल तर सुनावणीच्या पायऱ्या तुमच्या कामाच्या नाहीत, तिथे करार आणि सोसायटीचे बायलॉज हेच मैदान.

२. तारखा भिंतीवर लावा

मसुदा मंजूर व्हायला सहसा एकापेक्षा जास्त बैठका लागतात. लेखी हरकतीची शेवटची तारीख, बोलण्यासाठी नाव नोंदवायची शेवटची तारीख आणि प्रत्यक्ष सुनावणीची तारीख या तीन वेगळ्या असतात, लोक शेवटचीच लक्षात ठेवतात आणि तिथे गेल्यावर कळतं की नाव आधी द्यायचं होतं. क्लार्कला फोन करा, नीट बोला, तारखा विचारा आणि मग तेच ईमेलने लिहून पाठवा म्हणजे तुमच्याकडे लेखी राहील. हा क्लार्क तुमचा शत्रू नाही. आम्हाला सगळ्यात जास्त मदत त्याच टेबलावर झाली.

३. हा नियम का आलाय ते शोधा

असा मसुदा आभाळातून पडत नाही. कुठेतरी एक घर असतं जिथे खूप कुत्री, घाण, वास, आणि शेजारी वर्षानुवर्षं तक्रार करून थकलेले. किंवा चाव्याची एखादी घटना झालेली असते. ते खरं दुखणं आहे, त्याला खोटं म्हणू नका, त्या शेजाऱ्याच्या जागी आपण असतो तर आपणही ओरडलो असतो.

मग माहिती मागा. बऱ्याच देशांत सरकारी नोंदी मागण्याचा हक्क आहे, त्याखाली अर्ज करा. मागायचं काय: मागच्या दोन-तीन वर्षांतल्या कुत्र्यांबद्दलच्या तक्रारी, प्रत्येक तक्रारीतल्या घरात किती कुत्री होती, तक्रार कशाची होती, आणि चालू नियमाखाली त्यावर काय कारवाई झाली.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आम्हाला फाइल मिळाली ती जाडजूड होती, आणि एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून आम्ही ते ढिगात लावले: भुंकणं, मोकाट सोडणं, घाण, चावा. एक कुत्रं असलेल्या घरांचा ढीग सगळ्यात उंच झाला. आणि ज्या घरामुळे हे सगळं सुरू झालं त्याच्याबद्दल एकाच शेजाऱ्याच्या अक्षरातले एकामागून एक अर्ज होते, निळ्या शाईत, शेवटचे तर दोन ओळींचे, आणि कारवाईचा रकाना प्रत्येकावर रिकामा. म्हणजे घाणीबद्दलचा आणि क्रूरतेबद्दलचा कायदा होताच, वापरला नव्हता. आमची अख्खी बाजू त्या रिकाम्या रकान्यावर उभी राहिली.

४. आधी स्वतःचं घर चोख करा

विरोध करायला उभे राहिलात की तुमच्याकडे लोक बघणार. लायसन्स, रेबीजची लस, कुंपण, रोजची साफसफाई, भुंकणं, सगळं आजच नीट करा. शेजाऱ्यांना जाऊन विचारा की आमच्या कुत्र्यांचा काही त्रास होतो का, आणि जे सांगतील ते मनावर घ्या. आमच्या शेजारच्या काकूंनी सांगितलं की सकाळी साडेपाचला मधली कुत्री मागच्या दारी भुंकते. आम्हाला पत्ताच नव्हता, आम्ही पुढच्या खोलीत झोपतो. ती वेळ बदलली. पुढे त्याच काकू सुनावणीला आल्या, त्याबद्दल खाली सांगते.

एका फोल्डरमध्ये ही कागदपत्रं ठेवा, प्रत्येकाची झेरॉक्स आणि फोनवर फोटो:

- प्रत्येक कुत्र्याचं लायसन्स किंवा नोंदणी, ते कधीपासून तुमच्याकडे आहे हे दिसेल असं
- लसीकरणाचं पुस्तक, नसबंदीचं सर्टिफिकेट, मायक्रोचिप असेल तर त्याचा नंबर
- व्हेटचं पत्र की कुत्री निरोगी आणि नीट सांभाळलेली आहेत
- फॉस्टर असेल तर संस्थेशी झालेला करार
- घर, अंगण, कुंपण यांचे तारीख दिसणारे फोटो
- शेजाऱ्यांची सही केलेली पत्रं
- मसुद्याची प्रत, चालू नियमांची प्रत, आणि मिळालेल्या तक्रारींच्या नोंदी

नियम आधीपासून लागू असेल आणि तुमच्याकडे मर्यादेपेक्षा जास्त कुत्री असतील तर इथे फार सावध राहा. सुनावणीत माइकवर "माझ्याकडे पाच आहेत आणि सगळी गुणी आहेत" असं सांगितलंत तर तुम्ही स्वतःच्या तोंडाने नियम मोडल्याची कबुली दिलीत, आणि ती रेकॉर्डवर गेली. हात दाखवून अवलक्षण होतं ते. फेसबुकवर सगळ्या कुत्र्यांचा एकत्र फोटो टाकणं हेही तसंच. अशा वेळी आधी वकिलाशी बोला आणि सभेत दुसऱ्या कोणालातरी बोलू द्या, ज्याच्याकडे एकच कुत्रं आहे किंवा एकही नाही.

५. माणसं जमवा, पण फक्त कुत्रेवाले नको

चाळीस कुत्रेवाले आले तर सुनावणी घेणाऱ्या पालिका सदस्यांना वाटतं की हे आपल्यापुरतं बोलतायत. म्हणून व्हेट, ट्रेनर, रेस्क्यू आणि फॉस्टर करणारे, कुत्र्यांच्या क्लबचे लोक, आणि ज्यांच्याकडे कुत्रं नाही असे शेजारी, सगळे हवेत. शेवटचे सगळ्यात मोलाचे. आमच्या त्या काकू उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या की मला कुत्री आवडत नाहीत, यांच्याकडे तीन आहेत, मी सांगितल्यावर यांनी माझा त्रास थांबवला, तिसरं काढून टाकल्याने माझ्या आयुष्यात काय फरक पडणार होता. सभागृह शांत झालं. माझ्या तीन मिनिटांच्या भाषणाने जे झालं नसतं ते त्यांच्या चार वाक्यांनी झालं.

चाव्याला बळी पडलेलं कोणी बोलायला आलं तर मध्ये बोलू नका, मान हलवू नका, कुजबुजू नका. ऐका. आणि आपल्या बाजूच्या कोणी ऑनलाइन त्यांना काही वाईट लिहिलं तर लगेच थांबवा.

६. मुद्दे कोणते चालतात, कोणते नाही

"माझं घर, माझी मालमत्ता, तुम्ही कोण सांगणारे" हा मुद्दा जवळजवळ सगळेजण आधी काढतात आणि तो सगळ्यात कमजोर आहे. कुत्र्यांवर नियम करण्याचा सरकारचा अधिकार जुना आणि मान्य आहे, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १८९७ मध्येच न्यू ऑर्लिन्सच्या एका प्रकरणात तो मान्य केला होता. त्या भिंतीवर डोकं आपटू नका.

जे मुद्दे चालतात ते असे. पहिला, लपवाछपवी. मर्यादा आली की लोक कुत्रं सोडून देत नाहीत, लपवतात. लपवलेल्या कुत्र्याचं लायसन्स काढत नाहीत आणि नोंद होईल या भीतीने लस द्यायलाही टाळतात. रेबीज रोखायचा तर निदान ७० टक्के कुत्र्यांना लस हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, मग ज्या नियमामुळे लोक लस टाळतील तो आरोग्याचा नियम कसा? हा मुद्दा आरोग्य खात्याच्या माणसाला लगेच पटतो.

दुसरा, फॉस्टर. शेल्टरमध्ये जागा संपली की कुत्र्यांना इंजेक्शन देऊन संपवतात अशी बरीच ठिकाणं आहेत. ज्या घरात आधीच एक-दोन कुत्री आहेत तीच घरं फॉस्टर करतात, कारण त्यांना सवय असते. मर्यादेने नेमकी तीच घरं बंद होतात.

तिसरा, अंमलबजावणी. कोणी घरोघर डोकी मोजत फिरणार नाही, तक्रार आली तरच बघणार. म्हणजे पार्किंगवरून भांडण झालं की शेजारी कुत्र्यांची संख्या कळवणार. असा नियम चांगल्या माणसाला पकडतो आणि घाणीत पन्नास कुत्री कोंडणाऱ्याला काही फरक पडत नाही, तो आधीच चार कायदे मोडून बसलेला असतो.

७. पर्यायी मसुदा लिहून न्या

नुसतं "नको" म्हणणाऱ्याला सदस्य घरी गेल्यावर विसरतात. ज्याच्या हातात कागद असतो त्याच्याशी पुढे बोलणं होतं. एका पानावर प्रत्येक त्रास आणि त्यासाठीचा नियम लिहा. भुंकण्यासाठी: किती वेळ सलग, कोणत्या तासांत, आणि तक्रार कशी सिद्ध करायची. घाणीसाठी: किती दिवसांत साफ, वासाची तपासणी कोण करणार. मोकाट कुत्र्यासाठी आणि चाव्यासाठी: मालकावर वाढत जाणारा दंड. कोंबून ठेवण्यासाठी: स्वच्छ पाणी, जागा, निवारा, उपचार यांची किमान अट, कुत्रं एक असो की दहा. धंदा म्हणून पिल्लं काढणाऱ्यांसाठी वेगळं लायसन्स. आणि खाली मोठ्या अक्षरात: यातले कोणते नियम आपल्याकडे आधीच आहेत.

कॅनडातल्या कॅलगरी शहराचं उदाहरण वाचून जा, कारण समोरचेही ते काढतील. तिथे वर्षानुवर्षं आकड्याची मर्यादा नव्हती, लायसन्स आणि मालकाची जबाबदारी यावर सगळा भर होता, आणि ते मॉडेल जगभर वाखाणलं गेलं. पण २०२२ पासून तिथेही घरामागे सहा कुत्री आणि सहा मांजरं अशी मर्यादा आली, त्यापुढे परवाना. दोन्ही गोष्टी स्वतः सांगा. अर्धी सांगितलीत आणि उरलेली समोरच्याने सांगितली तर तुमच्या बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

आकडे ठिकठिकाणी किती वेगळे आहेत तेही दाखवा. बीजिंगच्या मुख्य भागात २००३ च्या नियमाने घरामागे एक, शांघायमध्ये २०११ पासून एक, सिंगापूरच्या सरकारी फ्लॅटमध्ये एक आणि तेही ठरलेल्या जातीचं, टोरंटोत तीन. कुत्रं सगळीकडे तेच, आकडे मात्र वेगवेगळे, मग आपल्या मसुद्यातला आकडा कोणत्या अभ्यासातून आला हे शांतपणे विचारा. आम्ही विचारलं तेव्हा उत्तर आलं की शेजारच्या गावाच्या नियमातून घेतला.

८. सुनावणीत बोलताना

बहुतेक ठिकाणी दोन-तीन मिनिटं मिळतात. तीन मिनिटांत साधारण साडेतीनशे शब्द बसतात, जास्त नाही. लिहून काढा, घड्याळ लावून मोठ्याने वाचा, दहा सेकंद शिल्लक राहतील इतकं कापा. क्रम असा ठेवा: मी कोण आणि कुठे राहते, मसुद्याचा हेतू मला मान्य आहे, तक्रारींच्या नोंदी काय सांगतात, त्यासाठी कोणता नियम हवा, आणि आज तुम्ही काय करावं अशी विनंती. शेवटचं अगदी नेमकं हवं: "हा मसुदा आज मंजूर न करता समितीकडे परत पाठवा."

सगळ्यात मोठा सापळा एका गोड प्रश्नात असतो. एखादा सदस्य हसून विचारतो, "बरं, मग तुमच्या मते किती असावीत?" तुम्ही चार म्हणालात की संपलं, आकडा हवाच हे तुम्ही कबूल केलंत आणि आता फक्त घासाघीस उरली. आमच्यातल्या एकाने भाबडेपणाने "पाच तरी" म्हटलं आणि पुढचा अर्धा तास तीन की पाच यावरच गेला. उत्तर तयार ठेवा: "आकडा कितीही ठेवला तरी फाइलमधल्या तक्रारी सुटत नाहीत, म्हणून मी त्रासावरचा नियम मागतेय." परत विचारलं तर परत तेच.

कुत्र्याला सभेत नेऊ नका. सगळ्यांना मोह होतो, पण तिथे एकदा भुंकला तर दुसऱ्या दिवशी तीच बातमी.

९. मर्यादा येणारच असं दिसलं तर

हे आधी बोलून दाखवू नका, पण मनात तयारी असू द्या. शेवटच्या टप्प्यात या दुरुस्त्या मागा: आज घरात असलेली कुत्री त्यांच्या नैसर्गिक मृत्यूपर्यंत राहतील, फॉस्टर मोजलं जाणार नाही, किमान वयाची अट, आणि जादा कुत्र्यासाठी लेखी निकषांवरचा परवाना. परवान्यासाठी "शेजाऱ्यांची संमती" अशी अट असेल तर ती काढायला जीव तोडून भांडा, कारण मग तुमच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं भवितव्य एका नाराज माणसाच्या सहीवर जातं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात बऱ्याच कौन्सिलांकडे दोनपेक्षा जास्त कुत्र्यांसाठी परवान्याची पद्धत आहे, त्यांचे फॉर्म वाचले की निकष कसे लिहितात ते कळतं.

१०. कोर्टात जायचं का

जायच्या आधी दोन्ही बाजूंचे निकाल माहीत हवेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कार्नेगी या छोट्या गावाची पाच कुत्र्या-मांजरांची मर्यादा होती, १९९४ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने म्हटलं की जी गोष्ट मुळात उपद्रव नाही तिला नुसतं कायद्याने उपद्रव ठरवून बंदी घालता येत नाही, आकड्याचा आणि लोकांच्या आरोग्य-सुरक्षेचा संबंध दिसायला हवा. पण तिथल्याच मिनेसोटा राज्यातल्या सॉक रॅपिड्समध्ये दोन कुत्र्यांची मर्यादा खालच्या कोर्टाने उडवली आणि १९९७ मध्ये वरच्या कोर्टाने ती परत कायम केली. इलिनॉयमधल्या कार्पेंटर्सव्हिलची दोनची मर्यादाही १९८१ मध्ये टिकली. नियम अवाजवी आहे हे सिद्ध करायचं ओझं सहसा तुमच्यावर असतं आणि ते जड असतं. म्हणून माझं मत, पैसा आणि ताकद मंजुरीच्या आधी लावा. बेंगळुरूत २०१८ मध्ये फ्लॅटला एक आणि स्वतंत्र घराला तीन असा नियम आला होता, तो लोकांच्या विरोधामुळे थांबला.

तरी जायचं ठरलं तर अपीलची मुदत पहिल्याच दिवशी वकिलाला विचारा, ती फार छोटी असू शकते, आणि सुनावणीत तुम्ही दिलेला प्रत्येक कागद रेकॉर्डवर घेतलाय याची पोच जपून ठेवा.

११. थेट नोटीस दारावर आली तर

घाबरून रात्रीत कुत्रं कोणाला देऊन टाकू नका, माझ्या ओळखीत असं झालंय आणि ते कुत्रं परत मिळालं नाही. नोटिशीचा फोटो काढा, ती कोणत्या कलमाखाली आहे आणि उत्तर किती दिवसांत द्यायचं ते बघा. माणूस दारात आला असेल तर ओळखपत्र आणि लेखी आदेश मागा, बाहेर येऊन नम्रपणे बोला, किती कुत्री आहेत या प्रश्नावर "मी लेखी उत्तर देते" एवढंच सांगा. आणि मुदत संपायच्या आत एक छोटं पत्र द्या: नोटीस मिळाली, आरोप मान्य नाही, सुनावणी हवी, आणि उत्तरासाठी अमुक तारखेपर्यंत वेळ हवा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख मारून घ्या. आमच्या फोल्डरमध्ये सगळ्यात वरती अजून तीच प्रत आहे.